सेक्शन कंट्रोलर

एकतीस वर्षं मी गाड्या न बघता चालवल्या.
नागपूर–आमला सेक्शन, बहुतेक रात्रपाळी.
टेबलावर चार्ट: आडवी वेळ, उभी स्टेशनं,
मेल लाल पेन्सिलीनं, मालगाडी काळ्या.
गोधनी बोलायचं, कळमेश्वर बोलायचं,
मेटपांजऱ्याचा मास्तर आधी खोकायचा, मग बोलायचा.
त्याचा चेहरा मी कधीच पाहिला नाही.
खोकल्यावरून कळायचं, आज अंगात ताप आहे.

आता डाव्या बरगडीवर एक पट्टी चिकटवली आहे,
बिस्किटाएवढी.
हार्टचं पंपिंग तीस टक्के, डॉक्टर म्हणाले,
शेजारच्या पोराचे मार्क सांगावेत तसे.
पट्टी माझे ठोके धंतोलीला पाठवते,
छातीत पाणी किती साचलं तेही,
आणि रात्री मी किती आडवा, किती टेकून.
तिथं दुसऱ्या मजल्यावर आम्रपाली खोब्रागडे बसते.
तिच्यापुढे म्हणे दोनशे चौदा जणांच्या रेघा.
त्यातली एक मी.
बहुतेक मालगाडी.

भाच्याच्या पोरीचं बारसं होतं, गोळीबार चौकात.
सावजीचा रस्सा. दोन वाट्या.
घरी सांगितलं, नुसता भात खाल्ला.
तिसऱ्या दिवशी सकाळी फोन:
"काका, परवापासून तुम्ही बसल्याबसल्याच झोपून राहिले ना?
वजन किती आलं?"
काटा बिघडला, मी म्हटलं.
ती काही बोलली नाही.
हे न बोलणं माझ्या ओळखीचं.
पांढुर्णा सांगायचं, गाडी सुटली,
आणि गाडी अजून फलाटावरच असायची,
तेव्हा मीही असाच फोन कानाला धरून बसायचो.
"अडीच किलो वाढलं."
"रस्सा होता?"
"होता."
स्वयंपाकघरात शशीकलानं पातेलं आपटलं.

पाण्याची गोळी एकाच्या दोन झाल्या.
प्यायचं पाणी दिवसाला सव्वा लिटर, मोजून.
मे महिन्यात. नागपुरात.
ती पाईप लावून कूलर भरते,
वाळा सुगंधी होतो, ठिबकतो,
आणि मी जिभेवर बर्फाचा खडा ठेवून
त्या कूलरचा हेवा करत राहतो.

तीगाव ते चिचोंडा घाट आहे.
जड गाडीला तिथं मागून बँकर इंजिन लागायचं.
पुढच्या डब्यातल्या माणसाला ते दिसत नाही,
फक्त वाटतं, चढतोय आपण.
मला ते चार्टवरही वेगळं काढावं लागत नसे,
त्याच रेघेत धरायचं.
जिने चढताना हल्ली हे आठवतं.
दहा पायऱ्या, थांबा. सात पायऱ्या, थांबा.

शनिवारी दुपारी लाईट गेली.
कूलर बंद, मी झोपेत, उशी ओलीचिंब,
आणि घामानं पट्टी सुटून गादीखाली गेली.
धंतोलीत माझी रेघ तुटली.
माझा फोन वाजला, तो फ्रिजवर होता.
मग शशीकलाचा वाजला.
ती कणकेच्या हातांनी आली, फोन खांद्यात दाबलेला,
माझ्या दंडाला धरून हलवलं:
"अहो, आहात का?"
"आहे."
"आहेत म्हणतात," तिनं फोनमध्ये सांगितलं
आणि पलंगाच्या काठावर बसली,
माझ्या दंडावर तिची पाच पिठाळ बोटं.

मी फोन मागून घेतला.
पलीकडे आधी नुसता श्वास.
"पोरी, किती वेळ तुटली होती?"
"अकरा मिनिटं, काका."
"मग कारण लिही. गाडी अडली की कारण लिहायचं असतं,
नाहीतर सकाळी साहेब विचारतो.
लिही: घाम."
टकटक ऐकू आली, मग थांबली.
"काका," आम्रपाली म्हणाली,
"इथं तसा रकानाच नाही."